लॉकडाऊनमध्ये आपल्या वाचनालयांनी नक्की काय केलं? स्मरणिकेसाठी माहिती हवी आहे

देवघेव_खिडकी
नमस्कार मंडळी,
आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या वाचनालयाची स्मरणिका निघतीय आणि कोरोनाच्या काळावरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये एका सदस्यांनी हेडिंगसुद्धा सुचवलं, "वाचनालयाची डिजिटल झेप". आता खरं सांगायचं तर आमच्याकडं डिजिटल म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, ज्याच्यावर अनुदानाचा अहवाल टाइप होतो, आणि ग्रंथपाल मॅडमचा मोबाइल. झेप कसली घेताय. पण म्हणून त्या काळात वाचनालय मेलं होतं असंही नाही, बरंच काय काय चाललेलं, फक्त ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या वाचनालयानं काय केलं, काय केलं नाही, दोन्ही सांगा.

आधी तारखा, म्हणजे गोंधळ नको. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन. राज्यातली ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती थेट १५ ऑक्टोबरपासून, म्हणजे नेमकी डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाला. दारूची दुकानं मे महिन्यात उघडली, हॉटेल-बार ५ ऑक्टोबरला आणि पुस्तकं त्याच्यानंतर दहा दिवसांनी, तेवढी नोंद मी लेखात करणारच आहे, कुणी काही म्हणो. मग एप्रिल २०२१ ला परत कुलूप. जूनमध्ये ते निर्बंधांच्या पाच लेव्हलचं प्रकरण आलं तेव्हा कोल्हापूर चौथ्या लेव्हलला, आणि ऑगस्टमध्ये ज्या ११ जिल्ह्यांना ढील मिळाली नाही त्यातही आपण होतोच.

आता आमच्याकडचं सांगतो. बंद करायच्या दिवशीच मॅडमनी देवघेवीचं रजिस्टर आणि सभासदांची वही पिशवीत घालून घरी नेली. प्रत्येकाच्या घरात त्या वेळी दोन-दोन पुस्तकं अडकलेली, आणि घरात बसून माणसानं ती आठवड्यात संपवली. मग मॅडमचे फोन सुरू झाले, "काकू, तुमची ती कादंबरी झाली का वाचून? मग ती समोरच्या दारातल्या काकांना द्या आणि त्यांच्याकडचं प्रवासवर्णन तुम्ही घ्या, नोंद मी करते." पेठेतली घरं एकमेकांना चिकटून, बोळ असा की दोन्हीकडच्या पायऱ्यांवर बसून गप्पा होतात, त्यामुळं पुस्तक पिशवीत घालून पायरीवर ठेवायचं आणि मागं सरकायचं एवढंच. रजिस्टरमध्ये एका सभासद क्रमांकापासून दुसऱ्यापर्यंत पेन्सिलीचे बाण. ज्या घरी कुणाला ताप आला तिथला बाण थांबायचा, ज्या गल्लीला पत्रे मारले तिथल्या नावांपुढं टिंब, ती पुस्तकं तिथंच राहू द्यायची. वाचनालयाला कुलूप आणि देवघेव चालू. ते पान मी बघितलंय, स्मरणिकेत त्याचा फोटो छापा म्हणून मागं लागलोय.

रंकाळा_वॉक
भारी धागा. आमच्या बाबांचं सांगते. बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जायचे, घरी पेपर येतो तरी. घरचा पेपर वाचायला आणि तिथला भांडायला, असं आई म्हणते. लॉकडाऊन लागल्यावर पेपरच यायचे बंद झाले, मग एप्रिलमध्ये घरोघरी टाकायला बंदी आली, मग परत परवानगी, काय चाललंय कळत नव्हतं. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ यायची ती बाबा दोन बोटांनी मोठी करून करून वाचायचे आणि वैतागायचे, कारण बातमीचा शेवट दुसऱ्या पानावर आणि ते पान पाठवणाऱ्यानं पाठवलेलंच नसायचं.

ऑक्टोबरमध्ये वाचनालय उघडलं पण पेपरची खोली उघडली नाही, सगळे साठीच्या पुढचे, एकच टेबल, एकच पेपर दहा हातांत फिरणार, कोण जबाबदारी घेईल. तर तिथल्या शिपाईमामांनी काय केलं, व्हरांड्यात जुना नोटीस बोर्ड होता त्याच्यावर पेपरची पानं सुटी करून पिनांनी लावली. खाली फरशीवर खडूचे गोल. गोलात उभं राहून वाचायचं, हात लावायचा नाही. बाबा म्हणायचे मागचं पान वाचायला मिळत नाही, म्हणून मग दोन प्रती घ्यायला लागले, एक पुढून एक मागून. एवढं डोकं कुठल्या अॅपवाल्यानं चालवलं असतं का सांगा.

एमपीएससी_अजून_चालूच
सगळे गोड गोड लिहिताय म्हणून मी जरा कडू लिहितो, राग मानू नका.
तुमची देवघेव चालू होती, आमची अभ्यासिका बंद होती. आमच्यासारख्यांना पुस्तक नको असतं ओ, खुर्ची पाहिजे असते. टेबल, दिवा, पंखा आणि शांतता. गावाकडं चंदगड तालुक्यात आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात सगळे घरी, टीव्ही चालू, म्हशीचं दूध काढायचं, आणि मोबाइलला रेंज यायला टेकावर जायचं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती ५ एप्रिल २०२० ला, ती पुढं ढकलत ढकलत झाली २१ मार्च २०२१ ला. मधे १४ मार्चची तारीख तीन दिवस आधी रद्द केली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली ते सगळ्यांनी बघितलं. एवढं वर्ष कुठं बसून अभ्यास करायचा होता? ज्या अभ्यासिकेत मी होतो त्यांनी फोनसुद्धा केला नाही, भरलेली फी पण तशीच गेली. ऑक्टोबरनंतर उघडली तर एकाआड एक खुर्ची, म्हणजे निम्मी पोरं बाहेर, आणि सकाळची शिफ्ट दुपारची शिफ्ट. दुपारची मिळाली तर सकाळी रंकाळ्यावर बसायचं पुस्तक घेऊन, तिथनं पण पोलीस उठवणार.
तर लेखात लिहा, वाचनालयं पोरांना विसरली.

देवघेव_खिडकी
@एमपीएससी, भावा लिहितो, असंच्या असं लिहितो. अभ्यासिकेच्या बाबतीत कुणाकडंच उत्तर नव्हतं आणि ते कबूल करायला पाहिजे. पुस्तक घरी पाठवता येतं, खुर्ची पाठवता येत नाही.
पण "विसरली" म्हणताना एक बघ, उघडायचं की नाही हे वाचनालयाच्या हातात नव्हतंच. आमच्या कमिटीनं जुलैमध्ये अर्ज केलेला, निदान मागच्या हॉलमध्ये थोडी पोरं लांब लांब बसवतो म्हणून. उत्तर आलं नाही. फीचं मात्र वाईट केलं त्यांनी, परत करायला किंवा पुढं धरायला काय झालं होतं?

टोरंटोतला_कोल्हापुरी
मी मूळचा शाहूपुरीचा, आता टोरंटोत. इथलं सांगतो, लेखात तुलना म्हणून चालत असेल तर घ्या.
इथं पब्लिक लायब्ररीच्या १०० शाखा आहेत, त्या मार्च २०२० च्या मध्याला बंद झाल्या. बंद झालेल्या काही शाखांमध्ये त्यांनी फूड बँक चालू केली. म्हणजे जिथं पुस्तकांची क्रेट असायची तिथं डाळी, डबे आणि भाजीचे खोके, आणि लावणारे लायब्ररीचेच कर्मचारी. जूनमध्ये दारातून पुस्तकं द्यायला लागले, आधी ऑनलाइन मागणी नोंदवायची, वेळ घ्यायची, पिशवीवर नाव, टेबलावरून उचलायची. सॅन फ्रान्सिस्कोत तर ग्रंथपालांना कोरोना रुग्णांच्या संपर्कातली माणसं शोधायच्या कामाला लावलं होतं, कारण फोनवर अनोळखी माणसाशी शांतपणे बोलून माहिती काढायची सवय दुसऱ्या कुणाला असणार? व्हर्जिनियात ख्रिश्चन्सबर्ग म्हणून गाव आहे तिथं शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी ड्रोननं पोरांच्या अंगणात पुस्तकं सोडली, ड्रोन गुगलची मालक अल्फाबेट, तिच्या विंग कंपनीचे. आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लायब्ररी बंद पण वायफाय चालू ठेवलेलं, लोक पार्किंगमध्ये गाडीत बसून पोरांचा गृहपाठ करून घ्यायचे.
ई-बुकचं म्हणाल तर ओव्हरड्राइव्ह म्हणून लायब्ऱ्यांना ई-बुक पुरवणारी कंपनी आहे, तिच्यावरून २०२० मध्ये जगभरात ४३ कोटी डिजिटल पुस्तकं-मासिकं वाचायला नेली लोकांनी, आदल्या वर्षापेक्षा ३३ टक्के जास्त. इथं ते जमलं कारण आधीपासून होतं. कोरोनात कुणी नवीन काही उभं केलं नाही, जे होतं ते वापरायला लागले.
दंड माफ केला होता, मग २०२२ मध्ये उशिराचा दंड कायमचाच बंद केला.

उत्तरेश्वर_पेठ
ड्रोन आमच्या बोळात आणला असता तर पोरांनी पतंगाच्या मांजानं खाली पाडला असता 😄

कसर_आणि_वाळवी
मी ३० वर्षं ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त. या धाग्यावर एका गोष्टीचं कुणी नाव काढलं नाही म्हणून लिहितोय, ती म्हणजे पुस्तकांचं काय झालं. माणसांची काळजी सगळ्यांनी केली, बरोबरच आहे, पण कोल्हापूरचा पावसाळा आणि चार महिने बंद खोली, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

जूनला पाऊस लागला. खिडक्या बंद, पंखे बंद, माणसांची ये-जा नाही. कपाटात हवा खेळली नाही की पंधरा दिवसांत कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते, आधी पुठ्ठ्याच्या कडेला बारीक ठिपके, मग पानांच्या खाचेत. वास आला की समजायचं उशीर झाला. कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, ती तर आनंदातच, तिला अंधार आणि बांधणीची खळ पाहिजे, ती दोन्ही मिळाली. आणि वाळवी कपाटाच्या मागनं भिंतीला धरून वर चढते, पुढून सगळं ठीक दिसतं, पुस्तक ओढलं की हातात नुसतं कव्हर. आमच्या वाचनालयातल्या माझ्या जागी आलेल्या मुलानं मला फोन केला, काका काय करू, उघडायला परवानगी नाही. मी म्हणलं कुलूप लावून आत जा, लोकांना बंद आहे, तुला नाही. आम्ही दोघं निघालो तर चौकात अडवलं. कुठं चाललाय? वाळवी बघायला. पोलीस हसला आणि सोडलं.

खालच्या फळीवरची पुस्तकं सगळी काढली, उभी करून पानं पंख्यासारखी उघडून ठेवली, पंखे चालू, खिडक्या दुपारी ऊन असेल तेवढ्या वेळ उघड्या. बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची नाही, आधी वाळू द्यायची, मग कोरड्या मऊ ब्रशनं बाहेर नेऊन झाडायची, तोंडाला मास्क लावून, मास्क तर होतेच. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढली. एवढं करूनसुद्धा जुन्या मासिकांचे बांधीव खंड गेले ते गेलेच.

आणि दुसरा वैताग सॅनिटायझरचा. उघडल्यावर काही उत्साही मंडळींनी परत आलेल्या पुस्तकांवर फवारे मारले. अहो अल्कोहोलनं शाई पसरते, शिक्के पुसतात, कव्हरचं लॅमिनेशन सुटतं, आणि पान ओलं राहिलं की परत बुरशी. पुस्तकाला औषध लागत नव्हतं, वेळ लागत होता. अमेरिकेत ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था आणि बॅटेल प्रयोगशाळा यांनी रेल्म नावाचा प्रकल्पच केला होता यावर. जून २०२० च्या त्यांच्या पहिल्या चाचणीत कव्हरवर आणि बंद पुस्तकाच्या पानावर विषाणू तीन दिवसांनी सापडला नाही. म्हणून ७२ तासांचा नियम आला. पण पुढच्या एका चाचणीत पुस्तकं एकावर एक रचून ठेवली तर सहा दिवसांनी सुद्धा सापडला. म्हणजे गठ्ठा करून कोपऱ्यात टाकला की तीन दिवसांचा काही उपयोग नाही, मोकळी मांडायला पाहिजेत. आणि आपल्याकडं कोपऱ्यात खोका आणि त्यावर चिठ्ठी "क्वारंटाइन", झालं काम. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीनंच, म्हणजे त्यांच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनंच, सांगितलं की पृष्ठभागावरून लागण व्हायची शक्यता दहा हजारात एकापेक्षा कमी, तेव्हा कुठं फवारे थांबले.

रंकाळा_वॉक
काका हे वाचून आधी उठून घरातलं पुस्तकाचं कपाट भिंतीपासून पुढं ओढलं.

कळंब्याची_वाचक
मी थोडी डिजिटलची बाजू घेते, सगळे तिच्यावर तुटून पडलेत.
माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला डोळ्यांनी वाचणं होत नाही. लॉकडाऊनमध्ये ऑडिओबुक ऐकायला लावली आणि तिचे ते महिने निभावले. आणि फुकट पण खूप होतं, लोकांना माहीतच नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतात, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं सुद्धा. हे सगळं अगोदरपासून होतं. आपल्या वाचनालयांनी एक साधा मेसेज करून ह्या लिंका सभासदांना पाठवल्या असत्या तर? पैसा लागत नव्हता की परवानगी लागत नव्हती. आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर काय यायचं तर गुड मॉर्निंग आणि काढ्याची रेसिपी.

देवघेव_खिडकी
@कळंब्याची_वाचक, ताई मान्य. हे आमच्याकडं पण झालं नाही.
उलट दुसरंच झालं. व्हॉट्सअॅपवर नव्या नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरत होत्या, लेखक जिवंत, प्रकाशकाची दुकानं बंद, आणि लोक म्हणतायत वाचनसेवा. आमच्यातल्या एका उत्साही सदस्यांनी सुचवलं, आपलीच पुस्तकं मोबाइलनं स्कॅन करून ग्रुपवर टाकू. मॅडम सरळ नाही म्हणाल्या. "एक प्रत विकत घेतली तर एकाच वेळी एकालाच द्यायची, हे वाचनालय. शंभर जणांना एकदम वाटायची हे वाचनालय नव्हे." अमेरिकेत यावरूनच इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचं वाजलं ना? २४ मार्च २०२० ला त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी ग्रंथालय म्हणून वेटिंग लिस्टच काढून टाकली, एकाच पुस्तकाची प्रत कितीही जणांना, १ जूनला चार मोठ्या प्रकाशकांनी कोर्टात खेचलं, १६ जूनला ते बंद. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं तेव्हा, पण हिशोब बरोबर होता.

गारगोटीकर_मास्तर
मी भुदरगड तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. शहरातल्या मंडळींना खेड्यातल्या वाचनालयाचं गणित माहीत नसतं म्हणून आधी ते.
सरकारी मान्यतेची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात. आमचं ड वर्ग. तेव्हा वर्षाचं अनुदान ३० हजार रुपये. त्यात पुस्तकं, पेपर, लाइट बिल आणि ग्रंथपालाचा पगार. महिन्याला काय पडतं ते तुम्हीच काढा. आणि ते पण हप्त्यानं, उशिरा. नंतर ६० टक्के वाढ झाली अनुदानात, पण ती २०२२ च्या शेवटाला, कोरोनात नव्हे. त्या दोन वर्षांत आमचा ग्रंथपाल पोरगा उसाच्या टोळीबरोबर कामाला जायचा. त्याला जाऊन कुणी विचारावं, तू सेवा कशी अॅडॉप्ट केलीस म्हणून.

पण केली, आणि ती कशी ते सांगतो. गावात सगळं बंद असलं तरी एक गोष्ट बंद झाली नाही, दूध डेअरी. सकाळी एकदा संध्याकाळी एकदा प्रत्येक घरातलं कोणतरी किटली घेऊन येणारच. रांगेत लांब लांब उभं करायचे. तर ह्या पोरानं सेक्रेटरीला पटवलं आणि फॅट काढायच्या मशीनच्या शेजारच्या बाकावर पुस्तकांचा एक पत्र्याचा ट्रंक ठेवला. वर वही. दूध घालायचं, पावती घ्यायची, पुस्तक घ्यायचं, वहीत दूध खाते नंबर लिहायचा. सभासद नंबर कुणाच्या लक्षात नसतो ओ, डेअरीचा खाते नंबर सगळ्यांना पाठ! परत आलेलं पुस्तक दुसऱ्या ट्रंकात, तो बंद, आठवड्यानं उघडायचा. शहाण्यांनी सांगितलेले ७२ तास त्याला माहीत नव्हते, आठवड्याचा बाजार बंद होता म्हणून त्यानं आठवडा धरला.

पोरांची पुस्तकं सगळ्यात जास्त गेली. शाळा बंद, ऑनलाइन तास म्हणजे एका मोबाइलवर तीन पोरं. वाचनालयात जी पोरं कधी पायरी चढली नव्हती ती डेअरीत दूध घालायला आली आणि पुस्तक घेऊन गेली. आणि बायका. वाचनालयात संध्याकाळी कट्ट्यावर बापय माणसं बसलेली, तिथं कोण बाई जाणार? डेअरीत जायला कुणाची आडकाठी नाही. आमच्या गावात बायका वाचतात हे आम्हाला कोरोनात कळलं, लिहायला जरा लाजच वाटती.

कसर_आणि_वाळवी
मास्तर, ट्रंक पत्र्याचा होता हे उत्तम. डांबराच्या गोळ्या टाकायला सांगा, पण कापडी पुरचुंडीत, पानाला लागायला नकोत.

एमपीएससी_अजून_चालूच
मास्तर नाद खुळा! खाते नंबरची आयडिया लई म्हणजे लईच भारी.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
इथं एक ऐतिहासिक मुद्दा टाकून जातो. भारतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा सगळ्यात आधी कुणी केला? कोल्हापूर संस्थानानं, १९४५ साली. स्वातंत्र्यानंतर मद्रासचा आला १९४८ ला, आणि महाराष्ट्राचा १९६७ ला. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० चं, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्या आधीपासून ह्या गावात सार्वजनिक पुस्तकं आहेत. अशा गावात सुद्धा "अत्यावश्यक सेवा"च्या यादीत ग्रंथालय असावं असं एकाही पुढाऱ्याला वाटलं नाही. मी सगळ्या पक्षांबद्दल बोलतोय, उगाच इथं राजकारण सुरू करू नका.

उत्तरेश्वर_पेठ
राजकारण नको, पूर सांगतो. सगळे कोरोनाचंच बोलताय पण आपल्याकडं जुलै २०२१ ला कोरोनाच्या मधेच महापूर आला हे विसरू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, पाणी त्याच्या किती वर गेलं ते नदीकडच्या पेठांना विचारा. वाचनालय बंदच होतं, सभासद नाहीत, कमिटीतले निम्मे वयस्कर म्हणून बाहेर पडत नाहीत. तालमीच्या पोरांनी चावी घेतली. २०१९ ला आम्ही चुकीच्या क्रमानं उचललेलं, आधी टेबलं-खुर्च्या वर नेल्या आणि पुस्तकं राहिली. यावेळी आधी दाखल रजिस्टरं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची, मग जुने खंड, मग खालच्या दोन फळ्या, फर्निचर गेलं तर गेलं. जिन्यावर साखळी करून एकेक गठ्ठा वर. डिस्टन्स बिस्टन्स काही नव्हतं त्या रात्री, खरं ते सांगतो. मास्क भिजून गळ्यात आलेले.
पाणी ओसरल्यावर गाळ काढायला पण तीच पोरं. त्यातल्या किती जणांनी आयुष्यात पुस्तक वाचलंय मला माहीत नाही, एकाला विचारलं तर म्हणला, "आपल्या पेठेचं हाय की."

टोरंटोतला_कोल्हापुरी
वाचून अंगावर काटा आला राव.
एक विचारतो, सभासद परत आले का सगळे? इथं शाखा उघडल्या तरी आत येणारी गर्दी लगेच पहिल्यासारखी झाली नाही.

देवघेव_खिडकी
नाही आले. हेच लेखातलं सगळ्यात अवघड वाक्य आहे माझ्यासाठी.
काही वारले. मॅडमच्या वहीत लाल रेघ मारलेली नावं आहेत, बहुतेक दुसऱ्या लाटेतली. त्यांच्या घरी असलेली पुस्तकं मागायची नाहीत असं कमिटीनं तोंडी ठरवलं, तरी बऱ्याच घरांनी स्वतःहून आणून दिली, एका घरानं तर वर्षाची थकलेली वर्गणी पण आणून दिली, नको म्हणलं तरी ऐकेनात. बाकीच्यांची सवय मोडली. सात महिने वर्गणी घेतली नाही, ती घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोक म्हणाले "बघू". दिवाळी अंकांवर आमची भिस्त असती, दरवर्षी वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवतो, त्यात निम्मा वर्षाचा खर्च निघतो. २०२० च्या दिवाळीला काही अंक निघालेच नाहीत, काही नुसते ऑनलाइन, जे आले ते पातळ. तरी मॅडमनी यादी व्हॉट्सअॅपवर टाकली, मागणी फोनवर घेतली आणि शिपायाच्या सायकलवरून संच घरोघर दिले. ती फोनवरची मागणी तेवढी टिकली. आजही वयस्कर सभासद सकाळी फोन करतात, संध्याकाळी पुस्तक दारात. डिलिव्हरी चार्ज? चहा.

आणि एक दार बंद झालं होतं. पूर्वी आमच्याकडं मुक्तद्वार होतं, आत जाऊन कपाटातनं हातानं पुस्तक काढायचं. कोरोनात ते बंद केलं, दारात टेबल टाकून चिठ्ठीवर पुस्तक द्यायला लागलो. नंतर काही जण म्हणाले असंच राहू द्या, पुस्तकं हरवत नाहीत, शिस्त राहते. त्यावर कमिटीत चांगलीच जुंपली. मी मुक्तद्वारच्या बाजूनं, कारण जे पुस्तक माहीतच नाही त्याची चिठ्ठी कोण कसा लिहिणार? शेवटी उघडलं, पण वर्ष गेलं त्यात.

कळंब्याची_वाचक
मुक्तद्वार उघडलंत ते बेस्ट केलंत. आमच्याकडं अजून टेबलच आहे दारात. "कुठलं पाहिजे सांगा." मला माहीत असतं तर मी आले असते का.

रंकाळा_वॉक
@गारगोटीकर_मास्तर, डेअरीतला ट्रंक अजून आहे का हो? का सगळं सुरळीत झाल्यावर उचलला?

गारगोटीकर_मास्तर
आहे की! मधे डेअरीचं नवीन संचालक मंडळ आलं, त्यांनी जागा अडती म्हणून हलवायला सांगितला, तर बायकांनीच ऐकलं नाही. आता सेक्रेटरीच स्वतः वाचतो, तक्रार करतो की त्याच त्या कादंबऱ्या फिरवताय, नवीन आणा. नवीन आणायला पैसे कुठनं आणू. पोरांची तर पार चिंध्या झालेली आहेत, पहिली चार पानं आणि शेवट नसलेली.

रंकाळा_वॉक
आमच्या घरी पोरांचे दिवाळी अंक आणि गोष्टीची पुस्तकं दोन खोके भरून आहेत, पोरं मोठी झाली. एसटीनं पाठवले तर गारगोटी स्टँडवर कुणी घेईल का?

गारगोटीकर_मास्तर
पाठवा ताई. पार्सलवर माझा नंबर टाका, मेसेजमध्ये देतो. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारच्या गाडीनं आले तर मीच थांबतो.

कसर_आणि_वाळवी
खोके बांधायच्या आधी एक दिवस उन्हात उघडे ठेवा. कसर असली तर तुमच्या घरातली त्यांच्या ट्रंकात जाईल.